पॉलिक्लोनल, मोनोक्लोनल की नॅनोबॉडी? जनावरांच्या विषाणूजन्य रोगांचं निदान किट बनवू पाहणाऱ्यांसाठी

पशुवैद्यक आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली दोन-चार माणसं एकत्र येऊन जनावरांच्या एखाद्या विषाणूजन्य रोगासाठी किट बनवायचं ठरवतात, तेव्हा पहिला वाद प्रतिपिंडांवरून होतो, म्हणजे विषाणूसारख्या परक्या गोष्टीला चिकटणाऱ्या प्रथिनांवरून. सशाला टोचून पॉलिक्लोनल (अनेक प्रतिपिंडांचं मिश्रण) काढायचे, उंदराच्या पेशींपासून मोनोक्लोनल (सगळे एकाच साच्याचे) बनवायचे, की उंटाच्या नॅनोबॉडीच्या (प्रतिपिंडाच्या छोट्या तुकड्याच्या) वाटेने जायचं? तिन्ही वाटांचे समर्थक भेटतात आणि प्रत्येकाच्या खिशात आपल्या बाजूचे शोधनिबंध असतात. हा आढावा अशाच छोट्या चमूसाठी आहे. पैसा मोजका, प्रयोगशाळा साधी, आणि दीड-दोन वर्षांत काहीतरी चालणारं दाखवायची गरज. माझं मत आधीच सांगून टाकतो: प्रतिपिंडाचा प्रकार हा दुसरा प्रश्न आहे. किटला गोठ्यात किंवा प्रयोगशाळेत नेमकं काय विचारलं जाणार हे आधी ठरवा. निम्मे पर्याय तिथेच गळून पडतात.

आधी प्रश्न ठरवा

किटं दोन जातींची असतात. एका जातीत आपण बनवलेले प्रतिपिंड वापरून नमुन्यातला विषाणू पकडतो. नमुना म्हणजे नाकातला स्राव, तोंडातल्या फोडाची साल, कातडीवरची खपली. दुसऱ्या जातीत जनावराने स्वतः तयार केलेले प्रतिपिंड त्याच्या रक्तजलात, म्हणजे सीरममध्ये, शोधतो. पहिलं किट सांगतं की विषाणू आज इथे आहे. दुसरं सांगतं की या शरीराने तो विषाणू, किंवा त्याची लस, कधीतरी पाहिली आहे.

हा फरक सगळ्यांना पाठ असतो, तरी निवड करताना विसरला जातो. गायींमधल्या बीव्हीडी (बोव्हाइन व्हायरल डायरिया) या रोगाचं उदाहरण घ्या. गाभण गायीला पहिल्या काही महिन्यांत संसर्ग झाला तर पोटातलं वासरू त्या विषाणूला परकं मानतच नाही. जन्मानंतर ते आयुष्यभर विषाणू सोडत राहतं, पण त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंड नसतात. कळपातला सगळ्यात धोकादायक प्राणी रक्तजल तपासणीत निर्दोष सुटतो. त्याला पकडायचं तर कानाच्या तुकड्यात विषाणूचं ईआरएनएस प्रथिन शोधणारी चाचणी लागते.

उलटी अडचण लसीची. ज्या रोगावर देशभर लसीकरण चालू आहे, तिथे 'प्रतिपिंड सापडले' या निकालातून फारसं काही कळत नाही. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी) हे दोन्ही रोग त्यातच मोडतात. म्हणून कागदावर एक वाक्य लिहा: कोण, कुठल्या जनावराची, कुठला नमुना घेऊन, कशाचा निर्णय घेण्यासाठी तपासणी करणार? ते वाक्य लिहिता येत नसेल तर ससा, उंदीर, उंट यांपैकी कुणालाच त्रास देऊ नका.

पॉलिक्लोनल: लवकर मिळतात, लवकर संपतात

ससा, गिनीपिग किंवा शेळीला शुद्ध प्रतिजन (विषाणूचा जो भाग ओळखायचा तो) तीन-चार वेळा टोचला की दोन-तीन महिन्यांत वापरण्याजोगं रक्तजल हाती येतं. खर्च कमी, कौशल्य माफक. या रक्तजलात विषाणूच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणारे अनेक प्रतिपिंड एकत्र असतात. म्हणून विषाणू थोडाफार बदलला तरी ते सगळे एकदम निकामी होत नाहीत. पकडणारा प्रतिपिंड म्हणून हा गुण सोन्यासारखा आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचा प्रकार ओळखणारी जुनी, अजूनही प्रमाण मानली जाणारी सँडविच एलायझा (प्लास्टिकच्या प्लेटवर रंगाने निकाल दाखवणारी चाचणी) सशाच्या प्रतिपिंडाने विषाणू पकडते आणि गिनीपिगच्या प्रतिपिंडाने तो दाखवते. त्यात मोनोक्लोनलची गरजच पडत नाही.

तोटा असा की ससा मेला की तो प्रतिपिंडही गेला. दुसऱ्या सशाचं रक्तजल वेगळं वागतं, आणि प्रत्येक खेपेला किटची जुळणी पुन्हा करावी लागते. शिवाय प्रतिजन जितका अशुद्ध तितका गोंधळ जास्त. पेशींमध्ये वाढवलेला विषाणू नीट शुद्ध न करता टोचला, तर ससा त्या पेशींच्या आणि वासराच्या रक्तजलातल्या प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंड बनवतो. मग गायीच्या नमुन्यात सगळंच 'पॉझिटिव्ह' दिसू लागतं. विकत घेतलेल्या स्वस्त पॉलिक्लोनलमध्ये हा दोष वारंवार आढळतो.

कोंबडीच्या अंड्यातल्या बलकातून मिळणारे आयजीवाय प्रतिपिंड हा याच वाटेवरचा फाटा. एका अंड्यातून साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम आयजीवाय मिळतं आणि रक्त काढावं लागत नाही. प्रतिपिंड शुद्ध करायला वापरतात त्या प्रोटीन-ए आणि प्रोटीन-जी यांना ते चिकटत नाही, त्यामुळे शुद्धीकरणाची नेहमीची पद्धत चालत नाही. पण त्यातलं आपल्या कामाचं, म्हणजे त्या विषाणूलाच चिकटणारं, प्रमाण थोडंच असतं. पट्टीवर चाचणी नीट झाली हे दाखवणाऱ्या कंट्रोल रेषेसाठी किंवा पकडणारा प्रतिपिंड म्हणून ठीक. सगळं किट त्यावर उभारायला मी सांगणार नाही.

मोनोक्लोनल: कंटाळवाणं काम, पण तेच टिकतं

१९७५मध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचं मीलन घडवलं. त्यासाठी १९८४चं नोबेल मिळालं. पद्धत अजून जवळपास तीच आहे. बाल्ब-सी जातीचा उंदीर टोचायचा, प्लीहा काढायची, एसपी२ या अमर पेशींशी फ्यूजन करायचं, हॅट माध्यमात (ज्यात फक्त जुळलेल्या पेशीच टिकतात) निवड करायची, मग एकेक पेशी वेगळी वाढवून क्लोन, म्हणजे एकाच पेशीची वंशावळ, पक्का करायचा. सगळं सुरळीत गेलं तर सहा ते नऊ महिने लागतात. सगळं सुरळीत जातं असं मात्र क्वचितच.

फायदा असा की एकच प्रतिपिंड, एकाच जागी चिकटणारा, हव्या तितक्या प्रमाणात, वर्षानुवर्षं मिळतो. मोनोक्लोनलने पशुवैद्यकात काय साधलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण गुरांच्या बुळकांडीचं, म्हणजे रिंडरपेस्टचं, आहे. बुळकांडी आणि पीपीआर यांचे विषाणू एकाच घराण्यातले, मॉर्बिलीव्हायरस. पॉलिक्लोनल रक्तजल दोघांना सहज वेगळं करत नाही. बुळकांडी हटवायच्या मोहिमेत शेळीच्या रक्तातले प्रतिपिंड बुळकांडीचे की पीपीआरचे हे कळणं अत्यावश्यक होतं, नाहीतर संपलेला रोग पुन्हा आला असं वाटलं असतं. विषाणूच्या एच प्रथिनावरच्या एका ठरावीक जागेला चिकटणारे मोनोक्लोनल वापरून स्पर्धात्मक एलायझा बनवली गेली आणि हा प्रश्न सुटला. भारत २००६मध्ये बुळकांडीमुक्त ठरला, जग २०११मध्ये.

स्पर्धात्मक एलायझाचा आणखी एक फायदा बोलण्यात फारसा येत नाही. साध्या अप्रत्यक्ष एलायझात शेळीसाठी शेळीच्या प्रतिपिंडाला चिकटून रंग देणारा कॉन्जुगेट, म्हशीसाठी म्हशीच्या प्रतिपिंडाला चिकटणारा वेगळा कॉन्जुगेट लागतो. स्पर्धात्मक पद्धतीत जनावराचा प्रतिपिंड आपल्या मोनोक्लोनलची जागा अडवतो का एवढंच पाहायचं असतं. मग रक्तजल शेळीचं असो, मेंढीचं असो की काळविटाचं, किट तेच चालतं.

आता तोटे. एकाच जागी चिकटणं हेच मोनोक्लोनलचं बळ आणि तीच त्याची उघडी बाजू. विषाणूने ती जागा बदलली की किट आंधळं होतं. ब्रिटनमधल्या पिरब्राइट संशोधन संस्थेत लाळ्या-खुरकुतासाठी गोठ्यात वापरायची पट्टी बनवली गेली तेव्हा असंच झालं. निवडलेला मोनोक्लोनल विषाणूचे बहुतेक प्रकार पकडत होता, पण आफ्रिकेतल्या सॅट-२ प्रकारावर तो कमी पडला. त्या प्रकारासाठी वेगळा मोनोक्लोनल घेऊन वेगळी पट्टी करावी लागली. भारतात सॅट प्रकार नाहीत, पण धडा इथेही लागू पडतो. ज्या स्थानिक विषाणूंवर तुमचा क्लोन तपासलाच नाही, त्यांच्याबद्दल काहीही गृहीत धरू नका.

दुसरा तोटा क्लोनच्या शुद्धतेचा. 'मोनोक्लोनल' नाव असलं तरी प्रत्येक हायब्रिडोमा (मीलनातून झालेली पेशी) एकच प्रतिपिंड बनवतो असं नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८५ हायब्रिडोमा तपासले, तर त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश पेशींमध्ये प्रतिपिंडाच्या जादा साखळ्या सापडल्या. शिवाय पेशी कधी प्रतिपिंड बनवणंच सोडून देतात, कधी लिक्विड नायट्रोजनचं भांडं कोरडं पडतं. उपाय सोपा आहे: क्लोन पक्का झाला की लगेच त्याच्या प्रतिपिंडाच्या दोन भागांची, म्हणजे जड आणि हलक्या साखळ्यांची, जनुकं वाचून ठेवा. क्रम हातात असला की तो प्रतिपिंड पुढे कुठल्याही पेशीत बनवता येतो आणि उंदराची गरज संपते. हा खर्च टाळणारे चमू मला कळत नाहीत.

नॅनोबॉडी: आकर्षण खरं, पण जाहिरात जास्त

१९९३मध्ये ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांना उंटाच्या रक्तात हलकी साखळी नसलेले प्रतिपिंड सापडले. त्यांचा प्रतिजनाला चिकटणारा टोकाचा तुकडा एकटाच काम करतो. तोच नॅनोबॉडी. नेहमीचा प्रतिपिंड, म्हणजे आयजीजी, सुमारे १५० किलोडाल्टनचा, हा तुकडा १५च्या आसपास. तो साध्या ई-कोलाय जिवाणूत बनतो, उष्णतेने उलगडला तरी बरेचदा परत घडी घालून कामाला लागतो, आणि त्याची जनुकं गोळा करणं सोपं असतं, कारण जड-हलक्या साखळ्यांची जोडी जुळवायची नसते. उंटाच्या रक्तातल्या लिम्फोसाइटमधून (प्रतिपिंड बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमधून) आरएनए काढायचा, पीसीआर करायची, फाजच्या (जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या) पृष्ठभागावर लायब्ररी, म्हणजे सगळ्या तुकड्यांचा संग्रह, मांडायची आणि दोन-चार फेऱ्यांत हवे ते तुकडे निवडायचे. फाज डिस्प्ले ही पद्धत जॉर्ज स्मिथ यांनी १९८५मध्ये मांडली. २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्राण्यांच्या रोगांत नॅनोबॉडीने खरं काम केल्याचा एक नमुना नेदरलँड्समधला आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचा अखंड कण लसीत असतो तोवर लस प्रभावी. उष्णतेने किंवा आम्लाने तो कण फुटून त्याचे तुकडे झाले की तिचा जोर ओसरतो. तिथल्या संशोधकांनी लामांपासून (उंटाच्या घराण्यातल्या प्राण्यांपासून) असे नॅनोबॉडी मिळवले की एक फक्त अखंड कणाला चिकटतो आणि दुसरा फक्त फुटलेल्या तुकड्यांना. लसीची गुणवत्ता त्यावरून मोजता येते. इतकी नेमकी ओळख पॉलिक्लोनलकडून मिळाली नसती.

पण तुमच्या पहिल्या किटसाठी? इथे मी हात आखडता घेतो. इतका छोटा तुकडा प्लेटच्या प्लास्टिकवर थेट बसवला की बरेचदा त्याचं चिकटणारं तोंडच झाकलं जातं. मग शेपटाला बायोटिन जोडा, किंवा आयजीजीच्या एफसी भागाशी जोडून मोठा करा. नेहमीचा उंदीरविरोधी कॉन्जुगेट त्याला ओळखत नाही, म्हणून तुकड्याला जोडलेल्या टॅगवर, म्हणजे खुणेवर, चालणारा वेगळा कॉन्जुगेट शोधा. पट्टीवर रंग देणाऱ्या सोन्याच्या कणांवर बसवतानाही हेच. यातलं प्रत्येक काम जमतं, पण प्रत्येकाला वेळ लागतो, आणि तो वेळ 'नॅनोबॉडी तीन-चार महिन्यांत' या हिशेबात धरलेला नसतो.

उष्णतेचा मुद्दाही जरा तपासून घ्यावा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो हे खरं. पण पट्टीवरचा प्रतिपिंड कोरडा असतो, साखरेच्या थरात जपलेला, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद. चांगला मोनोक्लोनल अशा अवस्थेत बराच काळ तग धरतो. नॅनोबॉडीची उष्णतासहनशीलता द्रव स्वरूपातल्या रसायनांसाठी खरी कामाची, कोरड्या पट्टीसाठी तिचं महत्त्व वाटतं तेवढं नाही.

परवानगीचाही प्रश्न आहे. उंदीर, ससा, गिनीपिग यांच्यावरच्या प्रयोगांना संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती मंजुरी देऊ शकते. उंटासारख्या मोठ्या प्राण्यासाठी प्रस्ताव केंद्रीय समितीकडे, म्हणजे सीसीएसईएकडे, जातो. बिकानेरला आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे. अशा संस्थेशी भागीदारी हा एकच शहाणा मार्ग दिसतो. पुण्यात बसून उंट पाळायचा विचार कुणी करणार नाही, पण लायब्ररी विकत घेऊन वर्ष घालवणारे असू शकतात. मानवी किंवा उंदराच्या जनुकांच्या तयार लायब्ररीतून एकसाखळी तुकडे निवडायचा मार्गही आहे. त्यात प्राणी टोचावा लागत नाही, पण टोचलेल्या प्राण्यात होणारी नैसर्गिक निवडही त्यात होत नाही. त्यामुळे पकड बरेचदा सैल निघते. निदानात सैल पकड म्हणजे धुताना निसटलेला विषाणू. हा पर्याय पहिल्या फेरीत बाजूलाच ठेवा.

तीन रोग, तीन वेगळी उत्तरं

पीपीआर हा माझ्या मते नव्या चमूसाठी सगळ्यात सोयीचा रोग. २०१९च्या पशुगणनेत देशात १४.८९ कोटी शेळ्या आणि ७.४३ कोटी मेंढ्या होत्या. या रोगाचं जागतिक उच्चाटन २०३०पर्यंत करायचं लक्ष्य एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने ठेवलेलं आहे. कळपात ताप, नाक-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, हगवण दिसली की तो पीपीआर, मावा, नीलजिव्हा, लाळ्या-खुरकूत की फुप्फुसाचा दुसरा काही आजार, हे लक्षणांवरून नक्की सांगता येत नाही. मेंढपाळ कळप घेऊन पुढच्या गावी निघालेला असतो. अशा वेळी वाड्यावर दहा-वीस मिनिटांत विषाणू दाखवणारी पट्टी खरोखर उपयोगी पडते.

इथे प्रथिनाची निवडही बरीचशी ठरलेली आहे. विषाणू पकडायचा असेल तर एन प्रथिन: ते संसर्ग झालेल्या पेशीत सर्वांत जास्त बनतं आणि विषाणूच्या वंशांमध्ये फारसं बदलत नाही. संरक्षण देणारे प्रतिपिंड मोजायचे असतील तर एच प्रथिन. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्राने नेमकी हीच विभागणी केली. तिथे एच प्रथिनावरच्या मोनोक्लोनलने स्पर्धात्मक एलायझा आणि एन प्रथिनावरच्या मोनोक्लोनलने सँडविच एलायझा विकसित झाली, आणि दोन्ही देशात वापरात आल्या. त्याच संस्थेची सुंगरी ९६ ही जिवंत लस मात्र संसर्ग झालेली आणि लस टोचलेली शेळी रक्तजलावरून वेगळी ओळखू देत नाही. म्हणून पीपीआरमध्ये रक्तजलाचं किट कळपाची प्रतिकारशक्ती मोजायला घ्या आणि साथ ओळखायला विषाणू पकडणारं घ्या. दोन्ही कामं एकाच किटकडून करून घ्यायच्या फंदात पडू नका.

लाळ्या-खुरकुतात चित्र उलटं आहे. जगात या विषाणूचे सात प्रकार नोंदलेले आहेत. भारतात ओ, ए आणि एशिया-१ फिरतात आणि त्यातही ओचा जोर जास्त. सप्टेंबर २०१९मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात, ब्रुसेलोसिस धरून १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि जनावरांना दर सहा महिन्यांनी लस देणं सुरू झालं. अशा देशात मुख्य प्रश्न 'प्रतिपिंड आहेत का' हा नसून 'ते लशीचे की संसर्गाचे' हा आहे. शुद्ध केलेल्या लशीत विषाणूची रचनाबाह्य प्रथिनं (त्याच्या कणाचा भाग नसलेली) जवळपास नसतात. ती फक्त विषाणू शरीरात वाढतो तेव्हा बनतात. म्हणून थ्रीएबीसी या रचनाबाह्य प्रथिनाविरुद्धचे किंवा त्याच्या तुकड्यांविरुद्धचे प्रतिपिंड शोधणारी एलायझा वापरतात. आपल्याकडे आयसीएआरच्या लाळ्या-खुरकूत केंद्राने थ्रीएबी३ या प्रथिनावर अशी चाचणी बनवून देशभरच्या सर्वेक्षणात वापरली. वारंवार लसीकरण झालेल्या जनावरात मात्र लशीतल्या अंशामुळेही चाचणी कधी चुकते.

लहान चमूला या रोगात एक भिंत आडवी येते. जिवंत विषाणू हाताळायला उच्च दर्जाची जैवसुरक्षा लागते, ती भुवनेश्वरच्या लाळ्या-खुरकूत केंद्रासारख्या मोजक्या ठिकाणीच आहे. जिवाणूत बनवलेली प्रथिनं वापरून प्रतिपिंड काढता येतील, पण खऱ्या विषाणूवर ते तपासायला तुम्हाला त्यांच्याच दाराशी जावं लागेल. हे आधीच ठरवून करार केला नाही, तर वर्षभराचं काम एका पत्रावर अडून बसेल.

लम्पीबद्दल थोडक्यात. भारतात हा रोग २०१९मध्ये ओडिशात पहिल्यांदा आढळला आणि २०२२च्या मोठ्या साथीत महाराष्ट्रालाही झळ बसली. साहजिकच अनेकांच्या डोक्यात लम्पीचं किट आहे. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. संरक्षणात पेशींचा वाटा मोठा असल्याने रक्तातले प्रतिपिंड बरेचदा कमी असतात. लम्पी, मेंढी-देवी आणि शेळी-देवी हे तिन्ही विषाणू रक्तजलावर वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आपल्याकडे गायींना शेळी-देवीचीच लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. खपलीत विषाणू भरपूर असतो, त्यामुळे पीसीआरला तिथे सहज यश येतं. खपलीवर चालणारी पट्टी बनवता येईल, पण गाठी पाहून अनुभवी डॉक्टर ज्याचा अंदाज बांधतो त्यासाठी ती किती जण विकत घेतील?

प्लेट की पट्टी

९६ वेलच्या प्लेटवरची एलायझा एका वेळी डझनावारी नमुने तपासते आणि रंगाची तीव्रता आकड्यात देते. तिला मशीन, धुणं, शिकलेला हात लागतो. सर्वेक्षणासाठी तिला पर्याय नाही. पुण्यात औंधला असलेल्या पशुरोग अन्वेषण प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी किट विकायचं असेल तर एलायझाच करा.

पट्टीची गोष्ट वेगळी. नायट्रोसेल्युलोजवर नमुना पुढे सरकतो तेव्हा प्रतिपिंडाला चिकटायला काही सेकंदच मिळतात. एलायझात तासभर भिजत ठेवलेला प्रतिपिंड उत्तम चालतो म्हणून पट्टीवर चालेलच असं नाही. पट्टीसाठी जलद चिकटणारा हवा, एलायझासाठी सुटायला वेळ लावणारा. क्लोन निवडताना दोन्ही यादीत ठेवा आणि पहिल्या महिन्यातच कच्च्या पट्टीवर तपासा. आणखी एक फसवणूक: नमुन्यात विषाणू अतिशय जास्त असेल तर पकडणारे आणि दाखवणारे प्रतिपिंड वेगवेगळे भरून जातात आणि रेषा फिकट पडते. लाळ्या-खुरकुताच्या ताज्या फोडाच्या सालीत असं होऊ शकतं. नमुना पातळ करून परत लावायची सूचना पाकिटावर छापा.

नमुने कुठून आणणार

इथे बहुतेक प्रकल्प अडतात, प्रतिपिंडांवर नव्हे. समजा १०,००० जनावरांत २ टक्के खरोखर बाधित आहेत, आणि तुमचं किट संवेदनशीलता (बाधितांना पकडणं) व विशिष्टता (निरोगींना निरोगी ठरवणं) दोन्हीत ९५ टक्के आहे. २०० बाधितांपैकी १९० पकडले जातील, पण ९,८०० निरोगींपैकी ४९० जनावरं खोटी पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांतल्या जेमतेम २८ टक्क्यांना खरा रोग. विशिष्टता ९९ टक्के केली तर हा आकडा ६६वर जातो. साथ सुरू असलेल्या कळपात हेच किट छान वाटेल आणि शांत काळात बदनाम होईल. प्रतिपिंड एकच, फक्त परिस्थिती बदलली.

९५ टक्के संवेदनशीलता ५ टक्क्यांच्या फरकाने सिद्ध करायला सुमारे ७३ पक्के बाधित नमुने लागतात, २ टक्क्यांच्या फरकाने करायची तर सुमारे ४५६. विशिष्टता ९९ टक्के, फरक १ टक्का, यासाठी सुमारे ३८० निरोगी नमुने. बाधित नमुने साथीतच मिळतात आणि साथ तुमच्या वेळापत्रकावर येत नाही. निरोगी नमुन्यांचं दुखणं निराळं. दर सहा महिन्यांनी लस टोचली जाणाऱ्या देशात लाळ्या-खुरकुताचं लसमुक्त रक्तजल शोधणं कठीण. पीपीआरसाठी मात्र आईचे प्रतिपिंड ओसरलेली आणि अजून लस न टोचलेली करडं मिळू शकतात. पीपीआर निवडायला हेही एक कारण. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांशी किंवा राज्याच्या प्रयोगशाळेशी नमुन्यांचा लेखी करार पहिल्याच तिमाहीत करा. आणि प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार यांतले रोग कळवणं बंधनकारक आहे. किटवर पॉझिटिव्ह आलेली शेळी ही तुमच्या वहीतली नुसती नोंद राहत नाही.

मी काय निवडेन

एकच किट करायचं असेल तर पीपीआरच्या एन प्रथिनावर विषाणू पकडणारं. जिवाणूत एन प्रथिन बनवा. एका बाजूला ससे टोचून पॉलिक्लोनल तयार करा आणि त्याच महिन्यात उंदरांचं काम सुरू करा. चौथ्या महिन्यात सशाच्या प्रतिपिंडावर कच्ची सँडविच एलायझा उभी राहील. तिच्यावर नमुने कसे वागतात ते कळतं, निधी देणाऱ्यांना दाखवायला काही असतं, आणि क्लोन निवडायचं साधनही तेच. मोनोक्लोनल आले की दाखवणारा प्रतिपिंड बदला, पकडणारा तूर्त पॉलिक्लोनल राहू द्या. वेगळ्या जागी चिकटणारा, पहिल्याशी न भिडणारा दुसरा क्लोन सापडला की दोन्ही मोनोक्लोनल करा आणि मग पट्टीकडे वळा. पेशींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार जवळ आहे. सुरुवातीच्या पैशासाठी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं बिग अनुदान मागून पाहावं.

नॅनोबॉडीकडे मी दोन परिस्थितींत वळेन. एक, मोनोक्लोनल दोन विषाणूंत किंवा अखंड-फुटक्या कणांत भेद करायला कमी पडला तर. दोन, रसायन द्रव स्वरूपात शीतसाखळीशिवाय पाठवायचं असेल तर. 'नवं आहे' हे तिसरं कारण अनुदानाच्या अर्जात चालतं, गोठ्यात नाही.

आणि कधीकधी स्वतः बनवूच नये. तुमची ताकद पट्टी बनवण्यात, विकण्यात, गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचण्यात असेल, तर तयार क्लोन परवान्यावर घ्या. आयसीएआरच्या संस्थांचं तंत्रज्ञान कंपन्यांना देण्याचं काम अ‍ॅग्रीइनोव्हेट इंडिया पाहते. सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: पेशी मिळणार की फक्त शुद्ध प्रतिपिंड, जनुकांचा क्रम करारात आहे का, तो क्लोन भारतातल्या कुठल्या वर्षांच्या विषाणूंवर तपासला, आणि पुरवठा थांबला तर पेशींची दुसरी कुपी कुठल्या शहरात ठेवलेली आहे.